मुका ज्यूकबॉक्स

शेबॉयगनमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शनिवारी सकाळी रांग असते, आणि रांगेत माझ्यासारखी जुनी यंत्रं पाळणारीच माणसं असतात. माझ्यापुढे टॅव्हर्न, म्हणजे गावातला छोटा बार, चालवणारं एक साठीचं जोडपं होतं, ऑर्विल आणि डेल्फीन.

“आता काय घेतलंस?” डेल्फीनने विचारलं.

“कपॅसिटर. ज्यूकबॉक्सच्या अँप्लिफायरमधले उरलेले चार.”

“आधीच्या अकरांनी काय झालं?”

“काही नाही. तबकडी फिरते, सुई टेकते, पण आवाज नाही. काचेचे व्हॉल्व्ह बदलले, वायरी नव्याने सोल्डर केल्या.”

“संध्याकाळी आईची नव्वदी आहे. तिच्या आवडीची पोल्काची धून वाजल्याशिवाय केक कापणार नाही म्हणालीय.”

“म्हणून तर आलोय ना.”

“गल्ल्याखालचं बटण बघितलंस का रे?”

“कसलं बटण?”

“ज्यूकबॉक्सच्या आवाजाचं. बाबांनी बसवलेलं. गिऱ्हाइकं भांडायला लागली की तिथूनच गाणं गप्प करायचे.”

“हे मला आज सांगतेस?”

“तू विचारलंस कधी? सर्किट मला कळतं म्हणालास.”

“बंद कोणी केलं?”

“मी. ईस्टरला. तू तेच गाणं सहाव्यांदा लावलंस तेव्हा.”

“तीन आठवडे मी त्या यंत्रात डोकं घालून बसलोय, डेल्फीन.”

“माहितेय. शीळ घालत होतास. बरं वाटत होतं ऐकायला.”

रांग पुढे सरकली. ऑर्विलने पिशवी काउंटरवर ठेवली.

“आता हे कशाला? बटण फिरवलं की झालं.”

“एक व्हॉल्व्ह जरा जास्तच तापतोय. महिनाभराचं काम आहे.”

“दोन महिने तरी धर. आजच्यापुरतं बटण मी फिरवते.”