बाबांची राखाडी माशी

...नाही नाही, बसा हो, तुमचं घड्याळ होतंच आहे. पण आधी मला सांगा, ज्या माणसाने उभ्या आयुष्यात नदीत पाय घातला नाही त्याला नदीवरची नोकरी लागावी, आणि ज्याने तिच्यासाठी चांगली चालती नोकरी सोडली त्याने इथे बसून घड्याळांची झाकणं उघडावीत? तुम्हाला सांगतो, मी काही उतावळा माणूस नाही. राजीनामा आधी दिला, मुलाखत नंतर होती, एवढंच.

जागा एकच. दूर डोंगरातल्या नदीवर एक केंद्र आहे, तिथे पाहुण्यांना ट्राउट मासा धरून परत सोडायला शिकवतात आणि नदी जपतात. बाबा म्हणाले, तुझं वय काय, वर्षभर थांब. मी म्हटलं, वय नका बघू, लायकी बघा. केंद्राच्या बाईंनाही हेच ऐकवलं, छाती काढून. बाबा बरोबर कशाला आले? म्हणे, पोरगा कुठे बुडतोय ते डोळ्यांनी बघतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा या दुकानाला कुलूप लागलं.

परीक्षा साधी. सकाळभरात एक ट्राउट धरायचा, पाण्यातच गळ काढायचा, सोडायचा. यात गळाला गांडूळ नसतं, पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधतात, आणि काठी झुलवून ती पाण्यावर अशी अलगद टेकवायची की माशाला वाटावं, आली बिचारी. मी वीस विकत घेतल्या होत्या, लाल, पिवळ्या, सोनेरी, लग्नाला निघाल्यासारख्या नटलेल्या. पहिल्या तासात सात झाडावर, एक बाईंच्या टोपीत. बाई म्हणाल्या, "जरा दमानं." दमानं? इकडे नद्या मरताहेत आणि मी दमानं? मी काही उतावळा माणूस नाही, पण एकदा मासा आला, त्याने तोंड लावलं न लावलं तोच मी असा हिसका दिला की दोरा तुटला आणि मी मागच्या मागे पाण्यात बसलो.

आणि बाबा? काठावर, डोळ्याला भिंग लावून... हो, हेच. प्रवासात दात घासायचा ब्रश विसरले, भिंग नाही. बाहीवर बसलेली माशी निरखत होते, राखाडी, तांदळाच्या दाण्याएवढी. बाईंना म्हणतात, "मासे आज हे खाताहेत, मग हा त्यांना लाल का वाढतोय?" मग खिशातून चिमटा काढला, बाईंच्या डबीतला बारीक गळ घेतला, काठावर पडलेलं एक पीस, आणि पाच मिनिटांत माशी तयार. मला खरी वाटली, मी हात उडवून हाकलली.

काठी अर्थातच मी मागितली. बाई म्हणाल्या, काकांना टाकू द्या एकदा. तिसऱ्या खेपेला मासा लागला. मी ओरडतोय, ओढा, ओढा, आणि बाबा म्हणतात, "गप रे. चावी देताना स्प्रिंग बोटाला सांगते, आता बस. तेव्हा थांबायचं असतं." ओढलं, थांबले, सैल सोडलं, पुन्हा ओढलं... शेवटी तो ठिपक्याठिपक्यांचा मासा त्यांच्या ओंजळीशी आला, चिमट्याने गळ असा निघाला की माशाला पत्ता नाही, आणि सुळकन गेला. बाबा पाण्याकडे बघून हसत राहिले. घरात मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

बाईंनी जागा त्यांना देऊ केली. बाबा संकोचले, म्हणाले, अहो, मी एकसष्ट वर्षांचा. बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काय म्हणाला होतात मघाशी?"

काय करणार? तत्त्व ते तत्त्व. म्हटलं, "वय नका बघू, लायकी बघा."

परवा बाबांचं पत्र आलं. नदी मजेत आहे, दुकान सांभाळ, स्प्रिंगचं ऐकत जा. ऐकतोच आहे, हे बघा, अशी हलक्या हाताने चावी द्यायची, मी काही उतावळा माणूस...

हा कट्‌कन आवाज तुम्हीही ऐकलात ना?

असं करा, तुम्ही सोमवारी या. नाही, या सोमवारी नको.