लघवीनं केली चहाडी

विश्वास ठेवायचा कुणावर, सांगा की राव! नाय, तुमी सांगाच. बायकोवर? दोस्तावर? चपलेवर?... हसू नका, चपलेपासूनच सुरू झालंय सगळं! बसा पावणं, तुमची डाळ मापून ठेवलीय, जरा ऐका. तुमाला सांगतो, घोडेगावात ह्या सोपानशेठची डाळ म्हणलं की वर डिंभ्यापासून लोक येतात, शाळा माझी चौथी, पण मूठभर माल हातात घेतला की सांगतो ओल किती, खडा किती, मला फसवणारा अजून जन्मला नव्हता... आणि शेवटी फसवलं कुणी? माझ्याच लघवीनं!

आधी चप्पल. सकाळी ढिली, संध्याकाळी आखूड! म्हणलं, कातडं आटतंय. गेलो जुन्नरच्या बाजारात, धरला चपलावाल्याला, "काय रे, कसला माल देतो?" त्यानं चप्पल उलटी केली, सुलटी केली आणि म्हणतो कसा, "शेठ, चप्पल व्हती तेवढीच हाय, पाय वाढलाय तुमचा." पाय वाढलाय! ह्या वयात! मी काय मिसरूड फुटलेला पोरगा हाय? एक नंबर मोठी जोडी घेऊन आलो, तर तिनंबी दगा दिला. आता चपलेवर विश्वास ठेवू नये तर ठेवायचा कुणावर?

मग फेस. सकाळी संडासात उभं राहिलं की खाली फेस! डाळ शिजताना पातेल्यात वर येतो ना, डिट्टो तसा, आणि पाणी ओतलं तरी हटायला तयार नाय. मी बायकोवर ओरडलो, "अंजना, साबणाचा चुरा फुकट येतो का गं? संडासात किती ओततेस?" ती आतनं, "साबण कालच संपलाय, म्हणून तर तुमचा सदरा तसाच पडलाय! तुमचंच कायतरी हाय ते, डाक्टरला दाखवा."

आता डाक्टरकडं एकट्यानं कोण जातंय? चांदभाईला घेतला. चांदभाई म्हंजे शेजारचा गादीवाला, आमच्या दोघांत एकच भिंत, लहानपणापासनंचा दोस्त. गुडघा धरला तेव्हा पहिली लाल गोळी त्यानंच दिली व्हती, "एक टाक शेठ, पोती उचलत पळशील." आणि पळालो की! मग रोज एक, मग सकाळ-संध्याकाळ, शेंगदाणे खावेत तशा... अंजनाला पत्ता नाय! सुपारीच्या डबीत ठेवायचो. ठाऊक कुणाला, तर मला आणि चांदभाईला.

डाक्टरीण तेजस्विनी मॅडम. वयानं लहान, पण नजर आडत्याची. पायावर अंगठा दाबला तर खड्डाच पडला, भिजल्या पिठात पडावा तसा. दंडाला पट्टा बांधला, म्हणाल्या, "बीपी वाढलंय. सकाळची पहिली लघवी आणा. सुरुवातीची सोडून द्या, मधली धरा." वा! मी खूश! आमच्या धंद्यातबी पोत्याच्या तोंडचा माल दाखवायचा असतो, खरा माल मधला, घेणारा शहाणा असेल तर नळी मधी खुपसतो. बाई तयारीची निघाली!

पण राव, ह्या खेपेला इकणारा मी व्हतो ना! स्वतःचा माल आणि कमी प्रतीचा दाखवू? पहाटे उठलो, तांब्यावर तांबे पाणी प्यालो, पहिली सोडली, दुसरी सोडली, मग जी आली ती धरली... नितळ! बाटली उन्हात धरून चांदभाईला दाखवली. तो म्हणतो, "माशाल्ला, मासे सोडले तरी जगतील."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. "शेठ, ही लघवी आहे का धरणाचं पाणी? असल्या पाण्यात काय दिसणार? खरं सांगा, दुकानातही पोत्याच्या तोंडाशी चांगली डाळ आणि खाली भलतीच, असं करता का?"

"छे छे," म्हणलं.

चांदभाई खोकला.

परत बाटली दिली. खरी. गडद, चहासारखी. अन् त्या लघवीनं काय केलं असंल? सगळं ओकली! मी तिला पोटात सांभाळली, आणि ती एका रातीत परक्या बाईला घरचं सगळं सांगून मोकळी! मॅडम म्हणतात, "प्रथिनं जातायत. पाण्यातनं डाळ जातीय तुमची, शेठ. म्हणून फेस, म्हणून पायाला सूज. किडनी म्हणजे चाळण, भोकं सैल झाली की खड्याबरोबर डाळही खाली." जन्मभर डाळ तोलून इकली, आणि आतली डाळ बिनमापाची संडासात!

मग विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या घेता? त्यांनीही चाळण खराब होते."

मी छातीठोक, "एक नाय!"

आणि चांदभाई... ह्या खेपेला संगं आलेल्या अंजनादेखत... "मॅडम, खोटं बोलतोय. रोज दोन. कधी तीन. सुपारीच्या डबीत हायेत."

अंजनानं तिथंच हात पुढं केला, "डबी द्या इकडं." बाहेर आल्यावर मी चांदभाईची गचांडी धरली, "चांद्या, दोस्त ना तू माझा?" तर म्हणतो, "म्हणून तर! किडनी बसली तर रक्त धुवायच्या मशीनला लावायला पुण्याला कोण न्यायचं तुला? मीच ना?" आणि मग हळूच, खाली बघत, "पहिली गोळी मी दिलती, शेठ. मला झोप लागंल का?" आता ह्याला शिव्या घालू का गळ्यात पडू? विश्वास ठेवायचा कुणावर!

चाळण फाटली नाय म्हणतात अजून. लाल गोळ्या बंद, मीठ कमी, बीपीची गोळी चालू, परत बाटली द्यायची... आणि ह्या खेपेला ऐकलं नाय तर मग मशीन. भ्या वाटतं, खोटं कशाला बोलू? बाजारात मी खरेदीचा खरा भाव सख्ख्या भावाला सांगितला नाय कधी, आणि आता रोज सकाळी अंजना संडासाच्या दाराशी उभी, "आला का फेस?" मी म्हणतो, "नाय." तर भिंतीपलीकडनं चांदभाई, "शेठ, खरं सांग!" ... मग म्हणतो, "आला. थोडा."

असो. द्या ती पिशवी इकडं, तुमची डाळ परत मापतो. मघाशी काट्याला माझा अंगठा जरा टेकला व्हता... सवय, राव! असं बघता काय? काय खाल्लं, काय गिळलं, तुमीबी घरी जाऊन आपापला हिशोब खरा ठेवा. माझा ठेवायला बाटली बसलीय.