भिंगरीचं अपील

…आणि वर म्हणे, ‘अंतर नियमानुसार मोजलेलं आहे!’ कुठल्या नियमानुसार हो? तुम्हाला सांगते, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून लाटणं फेकलं ना, तर ते थेट शाळेच्या मैदानात पडेल, आणि एखाद्या साहेबाच्या टाळक्यात पडलं तर माझी काही हरकत नाही! आमची इमारत आणि ती शाळा, मध्ये एक भिंत. एकच! त्यांची घंटा वाजली की माझ्या फळीवरचे डबे थरथरतात. मधल्या सुट्टीत चेंडू येतो तो माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर. आणि समोरच्या दारातल्या भिंगरीला त्या शाळेत जागा नाही. का? तर तिचं घर लांब आहे!

आता भिंगरी कोण, ते सांगते. समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी, साडेपाच वर्षांची, एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. बाप ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस तोंड दिसत नाही. आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात इस्त्रीला, सकाळी सातला हजर. एक मिनिट उशीर झाला की मुकादम घड्याळ दाखवतो, तीनदा दाखवलं की घरी पाठवतो. आता लांबच्या शाळेत टाकली तर दोन बस बदलून पोरीला नेणार कोण? ही नेणार, आणि हिची नोकरी जाणार. एवढं साधं आहे हो! मला कळतं, माझ्या भांडीवालीला कळतं, फक्त ज्यांना पगार मिळतो त्यांना कळत नाही.

बरं, मोजलं कसं ऐका. आमचा जिना उतरून खाली, चपलांच्या दुकानाला वळसा, मोठा रस्ता, सिग्नल, पेट्रोलपंप, मग शाळेचं पुढचं फाटक. आठशे चाळीस मीटर! आणि मागचं फाटक? आमच्या नाकासमोर! पण त्याला कुलूप. मी स्वतः जाऊन शिपायाला विचारलं, ‘का रे बाबा, हे उघडत का नाही?’ तर म्हणतो, ‘वरून आदेश नाही.’ वरून कुठून? त्याच्या वर तर पत्रा आहे! तीस जागा, भिंगरी एकतिसावी. एक कुलूप काढलं असतं तर पहिली आली असती पोरगी.

मग अपील. अपीलवाल्यांना म्हणे एक जागा वाढवून देता येते, फक्त घरची अडचण खरी असली पाहिजे. पत्रात लिहिलं होतं, ‘सोबत एक व्यक्ती आणता येईल. त्या व्यक्तीने बोलू नये.’ आमच्या ह्यांनी ते पत्र वाचलं, चष्मा काढला आणि पोरीच्या आईला म्हणाले, ‘हिला नेऊ नका.’ तेवढंच. तीस वर्षांच्या संसारात एवढा विश्वास! पण मी काही बोलले का? नाही. मी गप्प. तोंडाला कुलूप.

चार दिवस माझ्या स्वयंपाकघरात तालीम चालली. मी समिती व्हायचे, ती आई व्हायची. म्हणजे ती आईच आहे, पण तुम्हाला कळलं ना? मी डोळे बारीक करून विचारायचे, ‘तुमची अडचण काय?’ आणि ती कागद न बघता म्हणायची, ‘साहेब, मुलीला न्यायला-आणायला दुसरं कोणीही नाही.’ ह्याच्यावर सगळं अपील उभं. मीच घोटून घेतलं तिच्याकडून! ‘कोणीही’वर जोर दे, म्हटलं, आणि मग जरा थांब. त्यांना वाईट वाटायला वेळ लागतो.

गेलो. दुसरा मजला, बाहेर बाकावर दीड तास. बाकाचा एक पाय तोकडा, एक जण उठला की बाकीचे सगळे डुगडुगायचे. आणि आतली ती खोली! मेजावर फायलींचा ढीग, ढिगावर डबा, डब्यावर पंखा, आणि पंखा फिरतोय भिंतीकडे तोंड करून! समितीत तिघं. एक चष्मेवाले, ते आमच्याकडे बघतच नव्हते, कागदाशीच बोलत होते. एक जाडे, त्यांना फक्त ‘हं’ येत होतं. आणि मधे एक बाई, पेनाचं टोपण लावायच्या, काढायच्या, लावायच्या, काढायच्या. अशा तिघांच्या हातात पोरांची आयुष्यं! मी असते तर त्यांना भाजी निवडायलासुद्धा बसवलं नसतं. पण मी काही बोलले का? मी गप्प.

चष्मेवाले कागदाला म्हणाले, ‘अर्जदाराचे अंतर आठशे चाळीस मीटर.’

जाडे म्हणाले, ‘हं.’

माझ्या घशापर्यंत आलं होतं, लाटण्याचं. गिळलं!

आणि पोरीच्या आईने काय बोलावं! अहो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मुकादमाचं सांगितलं, ट्रकचं सांगितलं, दोन बसचं सांगितलं. आणि मग म्हणाली, ‘साहेब, मुलीला न्यायला-आणायला दुसरं कोणीही… नाही.’ थांबली! बरोब्बर थांबली! बाईंचं टोपण हातातच राहिलं. जाडे म्हणाले, ‘हंऽऽ,’ पण ह्या वेळचं ‘हं’ वेगळं होतं, ओलं होतं. चष्मेवाल्यांनी चक्क मान वर केली. झालंच होतं हो! जागा हातात आली होती!

तेवढ्यात त्या टोपणवाल्या बाई म्हणाल्या, सहजच आपल्या, ‘मग आत्ता तुम्ही कामावर असता तेव्हा मुलीला कोण बघतं?’

आणि ही म्हणाली, ‘शेजारी बघतात… कधी कधी.’

कधी कधी?

अहो, कधी कधी? तुम्हीच सांगा! पहाटे साडेसहाला कोणाच्या दारात उभी असते ती पोर, एका पायात मोजा घालून? दात कोण घासून घेतं? वेणी कोण घालतं, आणि डाव्या बाजूची आधी घातली तर भोकाड पसरते हे कोणाला माहीत आहे? खोकला झाला तेव्हा पाच दिवस कोणाच्या कुशीत होती? कधी कधी!

मी म्हटलं, ‘एक मिनिट हं, बाई.’

पोरीच्या आईने मेजाखालून पाय दाबला माझा. मला वाटलं, म्हणतेय, सांगा काकू, सांगा!

मग सांगितलं मी. सगळं. बाई इतक्या गोड ऐकत होत्या! म्हणाल्या, ‘म्हणजे रोज तुम्हीच सांभाळता?’ म्हटलं, ‘रोज! एक दिवस चुकला नाही!’ ‘तुम्ही नोकरी करता?’ म्हटलं, ‘छे हो, दिवसभर मोकळीच असते.’ ‘तब्येत?’ ‘ठणठणीत! चार जिने चढते, धाप लागत नाही, आमचे हे दुसऱ्या मजल्यावर बसतात, मी पुढे!’ आणि मग त्या चष्मेवाल्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा माणसाशी बोलत असावेत, मला विचारलं, ‘बसने वगैरे जाता?’ म्हटलं, ‘साहेब, सगळ्या बस तोंडपाठ आहेत मला! त्या लांबच्या शाळेलासुद्धा सात वीसची घ्यायची, पाण्याच्या टाकीपाशी बदलायची, पंचेचाळीस मिनिटांत दारात!’

जाडे म्हणाले, ‘हं.’ कोरडं!

पोरीच्या आईने पाय काढून घेतला.

बाईंनी टोपण काढलं, काहीतरी लिहिलं आणि टोपण लावलं. म्हणजे पेनाचा उपयोग करता येत होता त्यांना, मला उगाच शंका.

येताना बसमध्ये ती खिडकीकडे बघत होती, मी समोरच्या माणसाच्या टकलाकडे. पाच थांबे गेले. शेवटी म्हटलं, ‘अगं, मी काही…’ तर म्हणाली, ‘काकू, असू द्या.’ एवढंच. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला! घरी ह्यांनी दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि चहा ठेवायला आत गेले. ह्यांनी! चहा!

आठवड्याने पत्र आलं. मीच वाचलं आधी, पाकीट जरा उघडंच होतं. नीच माणसं हो, नीच! जिवाभावाचं बोलते आहे एक बाई आणि हे मेले पुरावा गोळा करतायत! काय लिहिलंय ऐका, पाठ झालंय मला: ‘बालिकेची ने-आण करण्यास सक्षम, निरोगी व विश्वासार्ह व्यक्ती शेजारीच उपलब्ध असल्याचे समितीच्या निदर्शनास आले. सबब अपील नामंजूर.’

जूनपासून सात वीसची बस, पाण्याच्या टाकीपाशी बदलायची. पोरीची आई सातला इस्त्रीवर, मुकादम खूश. आणि मी एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात भिंगरी धरून आपल्याच घराशेजारच्या शाळेची घंटा ऐकत बसथांब्याकडे पळतेय. गुडघे दुखतात, पण सांगणार कोणाला? विश्वासार्ह! आजवर आईने म्हटलं नाही, सासूने म्हटलं नाही, ह्यांनी तर नाहीच नाही. म्हटलं कोणी, तर त्या तिघांनी, तेसुद्धा लेखी, गोल शिक्का मारून. आता मारता येते का एक दिवस तरी दांडी?