मायनर आला

मला गप्प करणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मला भेटला, तोही पियानो शिकताना.

नोटेशनचे कागद डोक्यात शिरेनात, म्हणून मी अकोल्याच्या घरी मोबाइलवरचे धडे लावून नुसत्या कॉर्ड गिरवत होतो. समोर हिवरखेडचे रफीकभाई बसले होते. कालव्याच्या ज्या फाट्याला आपण मायनर म्हणतो, त्याच्या शेवटच्या टोकाला त्यांची संत्र्याची बाग. धरणात पाणी होतं, फाट्यात थेंब नव्हता, झाडं वाळत होती. पाटबंधारे खात्याच्या साहेबांचं उत्तर एकच, पाणी टोकापर्यंत पोहोचलं आहे! मी आमच्या पेपरात तीन बातम्या छापून भांडलो होतो.

मोबाइलमधले मास्तर म्हणाले, "आता मायनर येईल. तयार राहा."

रफीकभाई ताडकन उठले. "कवा येते? कोणं सांगतलं?"

"पाणी नाही हो, कॉर्ड. तीन पट्ट्या एकदम दाबायच्या. उदास वाजते."

"वाजवा बरं."

मी वाजवली. आवाज विरेपर्यंत ते उभे राहिले. मग चप्पल घालता घालता म्हणाले, "हा मायनर तीन पट्ट्या दाबल्या का वाजते तरी. आमच्या मायनरवर तुमी तीन बातम्या लिवल्या भाऊ, काय वाजलं?"