दीडशे फेऱ्या

...आणि एवढं सगळं करून वर म्हणतो काय, "काका, तशी गाडी चांगली आहे!" आता तुम्हीच सांगा, हे काय उत्तर झालं? मी ह्या मेकॅनिकला साधा प्रश्न विचारला होता, ही गाडी सहाशे किलोमीटर जाईल का? हो म्हण, नाही म्हण! तर आधी बॉनेट उघडलं, लांबलचक स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनावर आणि मूठ स्वतःच्या कानावर. डोळे मिटून पाच मिनिटं उभा! मी श्वास रोखलेला. म्हटलं, "काय ऐकू येतंय?" म्हणे, "इंजिन."

अहो, इंजिन ऐकू येतंय हे मलाही कळतं, आमच्या चौथ्या मजल्यावर कळतं!

आता गाडी सतरा वर्षांची आहे, नाकारतोय कोण? मागची डावी काच वर जात नाही, बरं. वळताना खालून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज येतो, येऊ दे. पण तशी गाडी चांगली आहे! मी रेडिएटरबद्दल विचारलं, तर म्हणे, "तापला नाही तर काही नाही." बेल्ट? "तुटेपर्यंत चालतो." टायर? त्यानं टायरला लाथ मारली, टायरनं काही उलट केलं नाही, झाली तपासणी!

तुम्ही म्हणाल, एवढी धास्ती असेल तर बसनं जा. बायको तेच म्हणते. "अहो, बसनं जा की! बस जाते तिथं, रोज जाते, आणि पोचते!" पण तुम्हाला सांगतो, ते जमणार नाही, कारण माझी अक्का. माझ्याहून अठरा वर्षांनी मोठी. आई मी तीन वर्षांचा असताना गेली, अक्कानं मला वाढवलं, आता जे काही समोर उभं आहे ते तिचंच काम. गाडी घेतली तेव्हा फोनवर म्हणाली होती, "मला एकदा फिरव हं तुझ्या गाडीतून." म्हटलं, आलोच! त्याला सतरा वर्षं झाली. आधी ऑफिस होतं, मग पोरांच्या परीक्षा, मग गाडीच्या तक्रारी... आता बसनं जाऊ आणि अक्काला काय, बसस्टॉप दाखवू?

आणि गेल्या महिन्यात भाचीचा फोन. "मामा, या लवकर. आई माणसं विसरायला लागलीये. परवा मलाच म्हणाली, 'बाई, तुम्ही कुठल्या?' तुमचं नाव मात्र रोज घेते. पण किती दिवस घेईल, सांगता येत नाही." फोन ठेवला आणि तडक गाडीची किल्ली शोधायला लागलो. तिनं मला ओळखायच्या आत पोचायला हवं! म्हणजे, ओळखेनाशी व्हायच्या आत. बघा, बोलायचंसुद्धा सुधरत नाही मला.

तरी पण... हायवे आहे तो! मध्येच बंद पडली म्हणजे? ना अक्का, ना गाडी, आणि आम्ही दोघं एका मैलाच्या दगडावर! विषाची परीक्षा कोण घेणार? म्हणून मी एक शास्त्रशुद्ध मार्ग काढला. गाडी सहाशे किलोमीटर जाईल की नाही, हे कळायचं कसं? सहाशे किलोमीटर चालवून! पण हायवेवर नाही, घराभोवती. आमच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत फाटक, बरोबर चार किलोमीटर. दीडशे फेऱ्या. आहे काय त्यात!

बायको पहिल्या दिवशी बसली बरोबर, डबा घेऊन. डिकीत दोन बॅगा भरलेल्या, कारण वजन खरं हवं. टाकीपाशी डबा खाल्ला, प्रवासात थांबतो तसं. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाली, "मला त्या टाकीचा कंटाळा आलाय." मग मी एकटाच! वॉचमन आधी प्रत्येक फेरीला सलाम करायचा, चाळिसाव्या फेरीनंतर त्यानं खुर्चीच फिरवून घेतली. कोपऱ्यावरचा वाणी हात करून विचारतो, "काही हरवलंय का?" म्हटलं, नाही, अक्काकडे निघालोय! त्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

रोज दहा फेऱ्या, पंधरा दिवस. तापमानाचा काटा वर गेला नाही, बेल्ट तुटला नाही, कण्हण्याचा आवाज होता तेवढाच होता. काल दीडशेवी पूर्ण झाली! उतरून बॉनेटवर थाप मारली, डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. तशी गाडी चांगली आहे! मी स्वतः म्हणालो, मोठ्यानं, फाटकात उभं राहून.

आणि आज सकाळी अक्काला फोन लावला. म्हटलं, "अक्का, उद्या पहाटे निघतोय गं!"

म्हणाली, "कोण बोलतंय?"

"अगं, मी! धाकटा!"

"छे हो," म्हणते, "धाकटा तर काल येऊन गेला. मला गाडीतून लांबवर फिरवून आणलं त्यानं. जुनी झालीये गाडी, पण आली बिचारी एवढ्या लांब. वारा फार छान लागला."

तिला 'अहो-जाहो' करून विचारलं, "मग, बरं वाटलं का तुम्हाला?" म्हणाली, "फार बरं वाटलं. उशीर केला त्यानं, पण आला हो. तुम्ही कोण म्हणालात?"

म्हटलं, ओळखीचाच आहे. आणि फोन ठेवला.

बायको दारात उभी. सगळं ऐकलं होतं तिनं. डोळे पुसत म्हणाली, "बॅगा डिकीतच आहेत. तरीही जायचं आपण. उद्या पहाटे निघायचं ना?"

निघायचं हो, निघायचंच... पण तुम्हीच सांगा, कालच अक्काकडे जाऊन-येऊन बाराशे किलोमीटर पळालेली गाडी, लगेच परत कशी काढायची? आधी मेकॅनिकला दाखवायला नको?