बुंदीवर आमटी

…पाच वळी! अवो, फकस्त पाच वळींचा कागद, आन् तेवढ्यासाठी सर्जेराव सायब माझ्या डोक्यावर उभे! "मच्छिंद्र, अहो, करताय ना सही? मंगळवारी निकाल छापायचेत!" आन् मी म्हणतोय, सायब, वाचल्याशिवाय सही न्हाई! आता तुम्ही म्हणाल, येवढा कोण लागून गेला ह्यो मच्छिंद्र? काय न्हाई वो, वरवंडचा साधा माणूस, रोज केडगावहून गाडी धरून पुण्याला जातो, तिथं आमच्या हापिसात कॉम्प्युटर हाय… कॉम्प्युटर म्हंजी काय, चार लोखंडी कपाटं! आमच्या घरात साधा पंखा न्हाई, आन् त्या कपाटांना दिवसरात गार हवा!

वाचल्याशिवाय सही न्हाई, ही अक्कल माझी न्हाई बरं का, आमच्या आईची. ताईबाई नाव तिचं. पन्नाशीत साक्षरतेच्या वर्गाला जाऊन सही शिकली, आन् तवापासनं पोस्टमनचा जीव खाती! त्यो म्हणतो, "मावशी, रजिस्टर हाय, करा सही, मला म्होरं जायचंय!" ही बसली बोट ठेवून… "पो…च…पा…" त्यो बिचारा च्या पितो, वट्ट्यावर एक डुलकी काढतो, उठून बघतो तर ही दुसऱ्या वळीवर! म्हणती, "आमच्या मागल्यांनी न वाचता लई अंगठं दिलं. आता वाचल्याशिवाय सही न्हाई." अशा बाईच्या पोटी जन्मून मी डोळे झाकून सही करू व्हय?

तर भानगड अशी… कॉम्प्युटरला मेमरी असती. मेमरी म्हंजी जागा. आलेल्या कामाला जागा द्यायची, काम संपलं की जागा परत घ्यायची, हे बघणारा एक कारभारी प्रोग्राम मशीनच्या पोटात बसलेला असतो. आन् ह्या कारभाऱ्याची खोड काय, एखादं काम मधीच बंद पाडलं, की त्याची जागा परत घ्यायलाच इसरायचा! दुपारपतूर मेमरी गच्च, मशीन ठप्प! तवा सायबांनी पाच वळींची दुरुस्ती लिव्हली… काम बंद पडलं की जागा तिथल्या तिथं मोकळी, द्या दुसऱ्याला! झकास की! पर हापिसाचा नियम, एकानं लिव्हलं की दुसऱ्यानं तपासून सही करायची. आन् मला वाचताना कायतरी खुपतंय… काय खुपतंय ते सापडंना!

आन् तुम्हाला सांगतो, निकाल कसले? माझी धाकटी बहीण रंभा ज्या परीक्षेला बसली, तिचेच! हजारो पोरापोरींचे मार्क त्या मेमरीतनं जाणार. एकाचे मार्क दुसऱ्याच्या नावावर पडले तर? वर्षभर रॉकेलच्या दिव्यापुढं डोळे फोडलेत पोरांनी! न्हाई म्हंजी न्हाई!

रईवारी वरवंडलाच चुलतभावाचं लगीन. कागद खिशात घालून मी मांडवात. बुद्धवंदना झाली, लगीन लागलं, पंगत बसली, आन् मी पंगतीत बी कागद वाचतोय! आई वरडली, "मच्छिंद्रा, जेव की!" म्हणलं, आई, वाचल्याशिवाय… "सही नगं करू! घास तर घे!"

आता आपली रीत काय? पंगत उठल्याबगर कुणी उठायचं न्हाई. पर चौथ्या जागेवर बसलेल्या आमच्या हौसमामाला चौफुल्यावर शिरूरची एस.टी. गाठायची! सावळाराम वाढप्याला वरडले, "आमटी आण रं!" त्यो गेला चुलवणाकडं… आन् हिकडं मामाला एस.टी.ची आठवण झाली, पत्रावळ गुंडाळली आन् पळाले! जागा मोकळी! मागं कवाधरनं टपून उभा खंडू… कडक इस्तरीचा पांढरा सदरा… झपकन बसला! नवी पत्रावळ, वर बुंदीचा ढीग! आन् येवढ्यात सावळाराम बादली घिऊन पळत आला. तोंडाकडं बघतोय कोण? चौथी जागा बघितली, पळी बुडवली, आन् वतली! बुंदीवर आमटी! सदऱ्यावर आमटी! खंडू बोंबलतोय, "आरं, मी कुठं आमटी मागितली?" आन् सावळाराम काय म्हणतो? "मला काय म्हाईत! चौथ्या जागेला आमटी सांगितली, चौथ्या जागेला वाढली!"

मी पंगतीतच उभा! "सापडलं! सापडलं!" लोकांना वाटलं, नवरीचं डोरलं सापडलं!

अवो, सावळाराम म्हंजी आमची टेप! टेप म्हंजी मोठ्या चकरीवर गुंडाळलेली फीत, मार्क तिच्यावर असतात. काम म्हणतं, टेपबाई, मार्क आण. टेप निवांत फिरती. तेवढ्यात काम बंद पडलं, तर सायबांची दुरुस्ती जागा लगेच दुसऱ्याला देणार, आन् टेप सांगितल्या जागी मार्क वतून मोकळी! बसलाय कोण, तिला काय त्याचं?

सोमवारी सायबांना सांगितलं. म्हणाले, "मच्छिंद्र, तुमच्या पंगतीचा आणि माझ्या प्रोग्रामचा संबंध काय?" म्हणलं, चालवून बघा! खोटी नावं घातली, काम मधीच बंद पाडलं… आन् आलं की कागदावर, एकाच्या नावाम्होरं दुसऱ्याचेच मार्क! सायब चष्मा पुसत बसले. चांगला माणूस हो, म्हणाले, "चुकलं माझं. लिहा तुम्ही." मी दोन वळी वाढवल्या… वाढपी मोकळा झाल्याबगर जागा मोकळी न्हाई. सायबांनी लगेच पेन काढलं! मी हात धरला. सायब, वाचल्याशिवाय सही न्हाई! वाचली त्यांनी, दोन येळा. मग सही. आन् मंगळवारी निकाल छापले… जेच्या त्याच्या नावाम्होरं जेचे त्याचे मार्क! छाती अशी फुगली माझी!

आठ दिवसांनी एका सांजंला हापिसातनं घरी आलो तर वट्ट्यावर रंभा. डोळे सुजलेले. हातात मार्कांचा कागद, चार घड्या घातलेला, आन् फेरपरीक्षेचा अर्ज. वडील न्हाईत, पालक मीच. म्हणली, "दादा, अर्जावर हितं सही कर. त्यो कागुद उघडू नगं."

आई आतनं बघत व्हती. तिनं बी तोंड फिरवलं.

आन् तुम्हाला सांगतो… आयुष्यात पयल्यांदा, न वाचता सही केली. वाचायचं काय त्यात? मार्क तिचेच व्हते, ह्याची खात्री मीच केली व्हती की!