एका खिळ्यासाठी अर्ज

नाही पण मला सांगा, एक खिळा उपटायचा, एकच, बोटाच्या पेराएवढा, त्याला अर्ज कशाला हो? तुम्हाला सांगते, आमच्या भागाच्या लोकप्रतिनिधींच्या कार्यालयाबाहेर हा एवढा थोरला फलक आहे... पेन्शन अडली तर या, पासपोर्ट रखडला तर या, घरात कोणी पंचाहत्तरी गाठली तर साहेबांच्या सहीचं अभिनंदनपत्र घेऊन जा, सभागृह बघायचं तर पास घ्या... सगळं आहे, खिळा तेवढा नाही! आणि खिडकीतल्या बाईंचं एकच पालुपद, "त्यासाठी अर्ज लागेल."

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई कुठला खिळा घेऊन बसली.

मी शिवणकाम करते. गेली नऊ वर्षं साहेबांचा ड्रायव्हर माझ्याकडे साहेबांच्या पँटी आणून टाकतो, रफू करायला. आणि सगळ्या एकाच जागी फाटलेल्या! उजवीकडे, मागे... आता बाईमाणसानं अजून किती वर्णन करायचं? मी आपली गुमान रफू करते, मोठ्या माणसांच्या पँटीत आपण कशाला डोकं घाला? शिवाय साहेब म्हणजे आख्ख्या भागाचा अभिमान! सभागृहात दर पाच मिनिटांनी उठतात. टीव्ही लावा, साहेब उभे! आमच्या गल्लीचा नळ, शाळेचं छप्पर, दवाखान्याचा रस्ता, सगळं त्या उठण्यातून आलंय.

तर एके दिवशी आमचे सासरे, वय एक्क्याऐंशी, सगळा जन्म सुतारकामात गेलेला, मशीनशेजारी येऊन टेकले. सहज पँट उचलली, भोकात बोट घातलं आणि चेहरा असा उतरला की मला वाटलं, चक्करच आली. "सूनबाई, हे साहेब सभागृहात बसतात कुठे?" मला काय ठाऊक? ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणाला, तिसरी रांग, भिंतीकडची शेवटची जागा. झालं! बाबांचे डोळेच भरले हो. म्हणाले, "तो खिळा माझा."

म्हणजे कसं, त्या सभागृहातले सगळे बाक बाबांनी आणि त्यांच्या मिस्त्रींनी केलेले. एकही खिळा नाही, सांधे सगळे लाकडी खुंट्यांचे. मिस्त्री म्हणायचे, "खिळा दिसला की समजायचं, सुताराला घरी जायची घाई होती." आणि बाबांना होतीच की घाई! दुसऱ्या दिवशी उद्घाटन, शेवटचा बाक, एकच खुंटी राहिलेली, मिस्त्री जेवायला गेलेले, आणि घरून निरोप आला की सासूबाई अडल्यात, जगतात की नाही... ठोकला खिळा आणि धावले! आमच्या ह्यांचा जन्म त्याच संध्याकाळचा. ह्यांच्या दर वाढदिवसाला बाबा गप्प गप्प असायचे, आम्हाला वाटायचं, गोड सोसत नाही! आणि ती खुंटी? ती चव्वेचाळीस वर्षं डब्यात जपून ठेवलेली.

"हात चालतायत तोवर बसवून येतो, सूनबाई. पुढे नाही जमायचं." हात कसले चालतायत, चहाचा कप बशीत वाजतो ते मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. पण नाही म्हणवेना.

गेलो कार्यालयात. "त्यासाठी अर्ज लागेल." केला. मग हत्यारं आत न्यायला वेगळा अर्ज, सून सोबत न्यायला आणखी वेगळा, म्हणजे मी हत्यारांच्या पंगतीत! वर त्या बाई म्हणतात, "आजोबा, एक्क्याऐंशी ना? मग अभिनंदनपत्र घ्या की! त्याला अर्जसुद्धा नको, छापीलच असतं." बाबा म्हणाले, "खिळा मारणाऱ्याचं कसलं अभिनंदन, बाई?"

चौथ्या खेपेला बाईंनी पहिल्यांदाच अर्ज वाचला. खरंच वाचला! कारणाच्या रकान्यात बाबांनी सगळं लिहिलेलं, मागच्या पानापर्यंत. वाचून चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "मग... बाळ-बाळंतीण सुखरूप?" बाबा म्हणाले, "बाळाला टक्कल पडलंय आता." बाई उठल्या, स्वतः आत जाऊन सही घेऊन आल्या.

सुट्टीच्या दिवशी सभागृह रिकामं. बाबा गुडघ्यांवर बसले. लाकूड आटून खिळ्याचं डोकं वर आलेलं. पकडीनं खिळा निघाला हो लगेच, पण खुंटी काही भोकात जाईना, हात थरथरतोय. मी मनगट धरलं, सुईत दोरा ओवताना धरावं तसं. तीन ठोके. बाबांनी बाकावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मिस्त्री, झालं." मी रडले, कशाला खोटं बोलू? म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही खुंटी बसवत बसला असतात, तर ह्यांचा पहिला आवाज ऐकला असता का?" म्हणाले, "ते मात्र खरं." आणि परत येताना स्वतः खिडकीशी थांबले, "बाई, ते अभिनंदनपत्र द्या बघू."

आता इथे संपायला नको? पण आमचं नशीब! त्या दिवसापासून साहेब बसले ते बसलेच! अहो, उठायचे ते खिळ्यामुळे! उठलं की सगळे बघणार, मग काहीतरी बोलणं आलं, म्हणून आमचा नळ बोलायचे! आता तीन महिने झाले, टीव्ही लावा, साहेब डोळे मिटून निवांत. नळ कोरडा, छप्पर गळतंय, आणि पँट? एक नाही आली.

काल बाबा टीव्हीकडे बराच वेळ बघत होते. म्हणाले, "सूनबाई, तो खिळा टाकलास?"

"नाही बाबा, बटणांच्या डब्यात आहे."

"मग खिडकीवर जाऊन ये. म्हणावं, परत मारायचाय. ह्या वेळी घाई नाही, नीट मारतो."

आता खिडकीवर काय सांगतील, ते मला ठाऊक नाही होय? कोरा अर्ज घेऊनच आलेय. फक्त कारणाच्या रकान्यात काय लिहू, तेवढं सांगा.